साखर फोडून घेतली तरी वॉश १.०४० वरच बसतो, त्याचं काय करायचं?

तक्रार दर वेळी एकाच चालीवर येते. साखरेचा वॉश, म्हणजे दारूसाठी यीस्टने आंबवायचं साखर-पाणी, लावला, दोन दिवस छान उसळला, चौथ्या-पाचव्या दिवशी एअरलॉक (झाकणावरची, वायू बाहेर सोडणारी पाण्याची नळी) गप्प झाला. हायड्रोमीटर (घनता मोजणारी तरंगती नळी; पाण्यात १.०००, साखर जितकी जास्त तितका आकडा वर) सोडून पाहिला तर १.०४०. चव अजून गोडच. मग कुणीतरी सांगतं, साखर तशीच ढकललीत, आधी इन्व्हर्ट करून, म्हणजे आम्लात उकळून फोडून, घ्यायला हवी होती. पुढच्या खेपेला माणूस साखरेचा पाक करतो, त्यात सायट्रिक अ‍ॅसिड घालतो, अर्धा तास उकळतो, गार करून यीस्ट सोडतो. पाचव्या दिवशी पुन्हा १.०४०, कधी तर १.०५०. आता सल्ला मिळतो की आम्ल कमी पडलं, अजून उकळा.

माझे सलग तीन वॉश असेच बसले. तिसऱ्या वेळी मी आम्लही वाढवलं होतं आणि उकळण्याचा वेळही, आणि नेमका तोच सगळ्यात आधी थांबला. त्या रात्री पहिल्यांदा त्यात पीएचची (आंबटपणा मोजायची; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) पट्टी बुडवली. रंग तक्त्याच्या अगदी कडेच्या चौकोनाशी जुळला : २.८. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की साखर फोडली नाही म्हणून वॉश अडकला, असं जवळजवळ कधीच होत नाही. फोडताना घातलेल्या आम्लामुळे अडकला, असं मात्र वारंवार होतं.

पुढे जाण्याआधी एक सांगून टाकतो. इथे मी फक्त आंबवण्याबद्दल लिहितोय. तो वॉश पुढे डिस्टिल करायला, म्हणजे उकळून त्यातली दारू वेगळी काढायला, बहुतेक देशांत परवाना लागतो. न्यूझीलंडने १९९६ मध्ये स्वतःपुरतं डिस्टिल करायला मोकळीक दिली, पण असे देश मोजकेच. तुम्ही जिथे राहता तिथला कायदा आधी वाचून घ्या.

यीस्ट साखर स्वतःच फोडतं

नेहमीची साखर म्हणजे सुक्रोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. मध्ये पाण्याचा एक रेणू शिरला की जोडी सुटते. ३४२ ग्रॅम सुक्रोज १८ ग्रॅम पाणी घेतं आणि हाती ३६० ग्रॅम साधी शर्करा येते. इन्व्हर्ट हे नाव आलं प्रकाशामुळे. सुक्रोजचं द्रावण ध्रुवीकृत प्रकाशाला उजवीकडे वळवतं आणि ते फुटलं की तोच प्रकाश डावीकडे वळतो. विल्हेल्मी यांनी १८५० मध्ये याच वळण्यावरून, आम्लात साखर किती वेगाने फुटते ते मोजलं होतं. पाक घट्ट झाल्यावर त्यात पुन्हा खडे बसू नयेत म्हणून आंबट घालतात, तेही हेच काम.

हे काम करायला यीस्टला आपल्या पातेल्याची गरज नसते. त्याच्याकडे इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम असतं आणि ते पेशीच्या पडद्याबाहेर, भिंतीलगतच्या जागेत बसलेलं असतं. म्हणजे सुक्रोज आत जाण्याआधी दारातच फुटतं. बर्तलो यांनी १८६० मध्ये यीस्टपासून हा पदार्थ वेगळा काढून दाखवला. एन्झाइमच्या वेगाचं जे समीकरण आज प्रत्येक जीवरसायनाच्या वर्गात शिकवतात, ते मिखाएलिस आणि मेंटेन यांनी १९१३ मध्ये मांडलं तेही याच इन्व्हर्टेजवर काम करून. साधारण ४.५ पीएचला ते उत्तम चालतं, आणि चांगल्या वॉशचा पीएचही तेवढाच असतो.

खात्री करून घ्यायची असेल तर एक प्रयोग करा. मी तो प्रत्येक नवशिक्याला करायला लावतो. लघवीतली साखर तपासायच्या पट्ट्या फक्त ग्लुकोजला रंग देतात, सुक्रोजला देत नाहीत. कपभर कोमट पाण्यात चमचाभर साखर विरघळवा आणि पट्टी बुडवा. रंग हलत नाही, फार तर किंचित. आता त्यात चिमूटभर कोरडं यीस्ट टाकून ढवळा आणि वीस मिनिटं थांबा. दुसरी पट्टी बुडवा. ती काही सेकंदांत गडद होते. आम्ल नाही, उकळणं नाही, अजून धड फेसही आलेला नाही, आणि साखर फुटायला लागलीसुद्धा. यीस्टचा खाण्याचा वेग फोडण्याच्या वेगापेक्षा कितीतरी कमी असतो, त्यामुळे पहिल्या एक-दोन दिवसांतच वॉशमधलं बहुतेक सुक्रोज संपतं आणि फुटलेली साखर साचून राहते. पाचव्या दिवशी अडकलेल्या वॉशमध्ये फोडायला फारसं काही उरलेलंच नसतं.

आधी फोडून घेतल्याने यीस्टला मदत होते, यावर माझा विश्वास बसत नाही याला आणखी एक कारण आहे. एका रेणूचे दोन झाले की द्रावणाचा परासरण दाब, म्हणजे पेशीतलं पाणी बाहेर ओढणारा ताण, जवळपास दुप्पट होतो. लिटरमागे २०० ग्रॅम साखर असेल तर सुक्रोजच्या रूपात ती सुमारे ०.५८ मोल (रेणूंची संख्या मोजायचं एकक) भरते, फुटल्यावर सुमारे १.१७. नुकतंच भिजलेलं, अजून न सावरलेलं यीस्ट आपण पहिल्याच मिनिटाला त्या दुप्पट ताणात सोडतो. लिटरला २०० ग्रॅमच्या आसपास ते निभावून नेतं. ३०० ग्रॅमच्या पुढे अशी सुरुवात महागात पडते.

आधी मोजा, मग ठरवा

अडकला म्हणजे काय, हे हायड्रोमीटरलाच विचारा. एअरलॉकचे बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं थांबलं असं नाही, झाकणाची रबरी कड नीट बसली नसेल तर वायू तिकडूनही जातो. नमुना दोन भांड्यांत चार-पाच वेळा खालीवर ओता, विरघळलेला वायू निघून जाऊ द्या, नाहीतर बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात आणि आकडा खोटा येतो. बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांना बरोबर वाचतात, तेव्हा नमुना त्याच्या आसपास असू द्या. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर सांगणारं साधन) वापरत असाल तर हिशोब केल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नका. अल्कोहोलमुळे तो जास्त दाखवतो. १८-१९ ब्रिक्सवरून (ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम द्रावणात किती ग्रॅम साखर) सुरू झालेला वॉश पूर्ण कोरडा झाला, म्हणजे साखर संपली, तरी तो सहाच्या आसपास अडून राहतो, आणि माणसाला वाटतं साखर शिल्लक आहे. बारा तासांच्या अंतराने दोनदा मोजा. आकडा तसाच असेल तरच अडकला म्हणा.

२० लिटरच्या वॉशमध्ये ४ किलो साखर असेल तर सुरुवात १.०७७ च्या जवळ होते आणि शेवट ०.९९० च्या आसपास व्हायला हवा. अल्कोहोल होतं साधारण ११ ते १२ टक्के. आता १.०४० वर अडकलेल्या वॉशमध्ये अल्कोहोल किती झालं असेल? जेमतेम ५ टक्के. कुठलंही यीस्ट, अगदी पावाचंही, एवढ्या अल्कोहोलने दमत नाही. त्यामुळे 'यीस्ट कमकुवत होतं' हे स्पष्टीकरण इथे बसत नाही. या मधल्या टप्प्यावर थांबलेल्या वॉशमध्ये मी दोनच गोष्टी शोधतो, पीएच आणि नायट्रोजन, आणि त्यातही पीएच आधी.

पीएच का कोसळतो

फळांच्या रसात किंवा धान्याच्या वॉशमध्ये आम्लाला थोपवून धरणारे पदार्थ असतात. साखर-पाण्यात तसं काहीच नसतं. थोडंसं आम्ल पडलं तरी पीएच धाडकन खाली जातो. खनिजं काढून टाकलेल्या पाण्यात लिटरमागे फक्त १ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घाला, पीएच २.८ च्या आसपास येतो, यीस्ट टाकण्याआधीच. मी तिसऱ्या खेपेला किलोमागे ५ ग्रॅम घातलं होतं, म्हणजे ४ किलोला २० ग्रॅम, म्हणजे २० लिटर वॉशमध्ये बरोबर लिटरमागे १ ग्रॅम. पाणीही फिल्टरचं, खनिजं नसलेलं. दोन दिवस ते यीस्ट कसं उसळलं याचंच मला आता नवल वाटतं.

त्यातून पोषण म्हणून आपण डाय-अमोनियम फॉस्फेट घालतो. यीस्ट त्यातलं अमोनियम आत घेतं आणि त्याच्या बदल्यात आम्ल बाहेर टाकतं. म्हणजे पोषण जितकं चांगलं पचेल तितका पीएच खाली. शिवाय यीस्ट स्वतः सेंद्रिय आम्लं सोडतं आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही थोडा हातभार लावतो. ५.५ वर सुरू केलेला साधा साखरेचा वॉशसुद्धा दोन-तीन दिवसांत ३ च्या खाली गेलेला मी पाहिला आहे. ३ च्या खाली यीस्टची सगळी ताकद आत शिरणारं आम्ल बाहेर उपसण्यात जाते आणि साखर तशीच राहते.

उपाय स्वस्त आहे : कॅल्शियम कार्बोनेट. शुद्ध पूड, नाहीतर स्वच्छ उकळलेले शिंपल्यांचे तुकडे. पूड असेल तर लिटरमागे अर्धा ग्रॅम, २० लिटरला १० ग्रॅम, एवढ्यावर सुरुवात करा. शिंपले कापडात बांधून तळाशी सोडले तर मला जास्त बरं वाटतं, कारण ते गरजेपुरतेच झिजतात. आम्ल वाढलं की विरघळतात, पीएच वर आला की थांबतात. इथे नावाने फसू नका. भाजलेला किंवा विझवलेला चुना म्हणजे कार्बोनेट नव्हे, तो पीएच एका झटक्यात यीस्टला न सोसणाऱ्या टोकाला नेतो. फळ्यावर लिहायचा खडू बहुधा जिप्समचा असतो, तो आम्ल मारतच नाही.

नायट्रोजन

साखरेत नायट्रोजन शून्य. जीवनसत्त्वं, मॅग्नेशियम, जस्त हेही नाही. यीस्टला वाढायला आणि टिकायला लिटरमागे साधारण १५० ते २५० मिलिग्रॅम नायट्रोजन लागतो. डाय-अमोनियम फॉस्फेटमध्ये तो २१ टक्के असतो, म्हणजे लिटरमागे १ ग्रॅमने २१० मिलिग्रॅम मिळतो. अर्धं सुरुवातीला आणि उरलेलं एक तृतीयांश साखर संपल्यावर, आमच्या उदाहरणात १.०५० च्या सुमारास. उशिरा घातलेल्याचा उपयोग घटत जातो, कारण अल्कोहोल वाढल्यावर यीस्टला अमोनियम आत ओढता येत नाही.

फक्त या डाय-अमोनियम फॉस्फेटच्या खतावर मात्र भागत नाही. पावाचं कोरडं यीस्ट, २० लिटरला २० ग्रॅमभर, पाण्यात दहा मिनिटं उकळून घाला. मेलेल्या पेशींतून ब जीवनसत्त्वं, अमिनो आम्लं आणि पडदा मजबूत करणारी मेदद्रव्यं मिळतात. चिमूटभर मॅग्नेशियम सल्फेट. पाणी पूर्ण खनिजमुक्त असेल तर त्यात निम्मं तरी साधं पाणी मिसळा. साध्या पाण्यात क्लोरीन असेल तर रात्रभर उघडं ठेवा किंवा उकळून घ्या. यीस्ट टाकण्याआधी वॉश जोरजोरात ढवळून हवा खेळवा. पडद्यातली स्टेरॉल्स बनवायला यीस्टला सुरुवातीला ऑक्सिजन लागतोच.

अडकण्याची जागा वेगळी, कारण वेगळं

१.०४० ऐवजी वॉश जवळजवळ सुरूच झाला नसेल, दोन दिवसांनीही १.०७० च्या वर असेल, तर पीएचबरोबर यीस्ट आणि तापमान पाहा. गरम पाकात टाकलेलं यीस्ट मरतं. कोरडं यीस्ट ३५ ते ४० अंशांच्या पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, आणि वॉश त्यापेक्षा १० अंशांहून जास्त गार असेल तर वॉशचे चार चमचे घालत घालत त्याला सवय लावा. साखर जास्त झाली असेल, १.१०० च्या पुढे, तर पाणी वाढवणं हाच सरळ मार्ग.

आणि १.००५ च्या आसपास येऊन जो कंटाळवाणेपणाने सरकतो, तो अडकलेला नसतो. यीस्टला ग्लुकोज जास्त प्रिय. दोन्ही साखरा समोर असल्या तरी ग्लुकोज आधी संपतं आणि शेवटी फ्रुक्टोज उरतं, तेही दमलेल्या यीस्टच्या वाट्याला. तिथे २४ ते २८ अंशांची ऊब द्या, हलकेच ढवळून तळ उठवा आणि आठवडाभर थांबा. साखर आधी फोडली असती तरी हे फ्रुक्टोज इतकंच असतं.

बसलेला वॉश उठवायचा कसा

घाईने वरून ताजं यीस्ट भुरभुरू नका. ते कोरडं, उपाशी यीस्ट आम्ल आणि अल्कोहोल यांच्यात पडतं आणि तासाभरात निकामी होतं. मीही पहिल्या दोन वॉशमध्ये हेच केलं आणि यीस्टची पाकिटं वाया घालवली.

आधी पीएच. लोटाभर वॉश बाहेर काढा, त्यात कार्बोनेटची पूड थोडी थोडी मिसळा, उसळी ओसरू द्या आणि मग हळूहळू परत ओता. पूड सरळ मोठ्या भांड्यात टाकली तर विरघळलेला सगळा वायू एकदम सुटतो आणि फेस जमिनीवर येतो. ढवळा, तासाभराने पट्टी लावा, ४ ते ४.५ आला की थांबा. मग तापमान २५ ते २८ अंशांवर आणा. उकळलेलं यीस्ट घाला. खत सुरुवातीला पुरेसं घातलं नसेल तर लिटरमागे अर्धा ग्रॅम आता घाला.

दोन तास थांबा. कित्येकदा जुनंच यीस्ट जागं होतं. माझ्या तिसऱ्या वॉशमध्ये तेच झालं. रात्री अकराला पूड मिसळली, २.८ चा ४.३ झाला. भांड्याच्या तळाशी यीस्टचा पिवळट थर सपाट बसलेला दिसत होता. सकाळी त्या थरातून बारीक धागे वर येताना दिसले, जिथे धागा सुटत होता तिथे थराला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलेलं. दुपारपर्यंत थर फुटून सगळा वॉश पुन्हा गढूळ झाला आणि नवव्या दिवशी हायड्रोमीटर ०.९९२ वर आला. त्यात मी नवं यीस्ट टाकलंच नव्हतं.

तसं जागं नाही झालं तर स्टार्टर करा. अर्धा लिटर कोमट पाणी, दोन मोठे चमचे साखर, चिमूटभर पोषण, १० ते १५ ग्रॅम यीस्ट. चांगला फेस आला की त्यात तेवढाच अडकलेला वॉश मिसळा. पुन्हा उसळला की पुन्हा दुप्पट करा. असं तीन-चार वेळा करून मग तो सगळा मोठ्या भांड्यात ओता. यीस्ट त्या अल्कोहोलला पायरीपायरीने सरावतं.

तरीही साखर फोडायची असेल तर

नको असं मी म्हणत नाही. फोडलेल्या पाकात खडे बसत नाहीत, त्यामुळे मोठ्या वॉशला टप्प्याटप्प्याने साखर द्यायची असेल तर तो बाटलीत भरून ठेवायला सोपा पडतो. उकळल्याने तो स्वच्छही होतो, आणि सुरुवात काही तास लवकर होऊ शकते. एवढ्यासाठी करत असाल तर जरूर करा, पण आम्ल मोजून घाला.

एक किलो साखर, अर्धा लिटर पाणी, १ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड. जास्त नको. मंद उकळीवर वीस ते तीस मिनिटं. पूर्ण फुटली नाही तरी बिघडत नाही, उरलेली यीस्ट फोडेल. नजर रंगावर ठेवा. आम्लात फ्रुक्टोज तापत राहिलं की त्यातून हायड्रॉक्सिमिथाइलफरफ्युरल तयार होतं, आणि त्याचं प्रमाण वाढलं की ते यीस्टला दाबतं. पाक फिकट गवती रंगाचा असेपर्यंत काळजी नाही. मधासारखा दिसायला लागला की आच बंद करा, तपकिरी झाला तर तो वॉशमध्ये घालू नका.

पाक कोमट झाल्यावर आम्ल मारून घ्या. १ ग्रॅम सायट्रिक पूर्ण मारायला सुमारे १.३ ग्रॅम खायचा सोडा किंवा १.६ ग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट लागतं. मी पोटॅशियमचं वापरतो, कारण पोटॅशियम यीस्टला हवंच असतं आणि जास्तीचा सोडियम नको असतो. पूर्ण मात्रा घालू नका, निम्मी घाला. अर्धवट मारलेलं सायट्रिक ४ ते ५ च्या दरम्यान पीएचला धरून ठेवतं, आणि साखर-पाण्यात नेमकी हीच धरून ठेवणारी गोष्ट नसते. मग पाक पाण्यात मिसळा, पोषण घाला, ढवळा आणि यीस्टचं पाकीट फोडण्याआधी पट्टी बुडवा. ४.५ ते ५.५ च्या मध्ये असेल तर यीस्ट सोडा. त्यानंतर चौथ्या दिवसापर्यंत रोज एकदा पट्टी लावत राहा आणि ३.५ दिसला की त्याच संध्याकाळी शिंपल्यांची पुरचुंडी आत टाका.